खुळखुळा आणि कोल्हीण

त्यांचं खरं नाव गल्लीत कुणाला विचाराल तर लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतील. 'हलूनका' म्हणा, शेंबडं पोरही घर दाखवेल. फोटो स्टुडिओ होता त्यांचा. उभा जन्म माणसांना 'हलू नका' म्हणण्यात गेला, मग लोक दुसरं काय नाव ठेवणार? पासपोर्टचे फोटो, लग्न जमवायचे फोटो, नोकरीच्या अर्जाचे फोटो आणि गेलेल्या माणसाचा भिंतीवर लावायचा मोठा फोटो. 'हनुवटी खाली. खांदे सोडा. हं, हलू नका!' हे शेवटचं ते असं काही खेकसून म्हणत की नवीन गिऱ्हाईक दचकून हमखास हले, आणि मग वर त्यालाच बोलणी बसत.

पण हात मात्र सफाईचा होता. लहान पोरांचे फोटो काढावेत ते हलूनकांनीच. कॅमेऱ्याच्या भिंगाखाली त्यांनी एक लाल खुळखुळा टांगला होता. पोर रडून गोंधळ घालायला लागलं की दोरी ओढायची. खुळखुळा वाजला की पोर रडायचं विसरून थेट भिंगाकडे डोळे लावी, आणि खटक! फोटोत खुळखुळा कधी येत नसे. यायचे फक्त दोन टपोरे डोळे. घरची मंडळी फोटो बघून म्हणत, 'किती शहाण्यासारखं बसलंय बाई!' हलूनका मिशीत हसत. आणि एक होतं, बिघडलेला फोटो त्यांनी कधी गिऱ्हाइकाला दाखवला नाही. डोळा मिटलेला, मान वाकडी झालेला, सगळा मागच्या खोलीतल्या टोपलीत जायचा. "चांगला तेवढाच द्यायचा. वाईट दाखवतो तो फोटोवाला कसला?" हे त्यांचं ठरलेलं बोलणं.

मग मोबाईल आले आणि धंद्याचं मातेरं झालं. आता जो तो तोंडाचा चंबू करून आपला आपणच फोटो काढतो. स्टुडिओत पडद्यावर धूळ बसली. गिऱ्हाइकांच्या स्टुलावर हलूनका स्वतःच बसायला लागले, कारण बसायला दुसरं कुणी येतच नव्हतं.

एकुलती एक मुलगी. तिने स्टुडिओ चालवावा असं यांच्या मनात, आणि तिने काय करावं? रानटी जनावरांचा अभ्यास! "माणसं संपली का गं जगातली, म्हणून कोल्ह्याकुत्र्यांच्या मागे निघालीस?" असं ते एकदा भर जेवणात बोलून गेले. मुलगीही त्यांचीच. ताटावरून उठली आणि म्हणाली, "तुमची माणसं स्टुलावर बसून खोटं हसतात, बाबा. जनावरं तसलं काही करत नाहीत." झालं. तिची आई होती तोवर दोघांमधली बोलणी तिच्यामार्फत चालायची. आई गेली आणि मधलं माणूसच उरलं नाही. मुलगी दूर मोठ्या शहरातल्या एका संस्थेत लागली. फोन करायची, नाही असं नाही. पण तो फोन कसला!

"जेवलात का?"

"जेवलो."

"तब्येत?"

"बरी आहे."

"ठेवते मग."

फोन ठेवला की हलूनका त्या यंत्राकडे बघत बसत. आणखी काहीतरी विचारावं असं त्यांना फार वाटे. पण काय विचारायचं? तिच्या कामातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि आपल्या कामाबद्दल बोलायला काम उरलं नव्हतं. पोरीने एकदा तरी आपल्याशी मोकळं, पोटभर बोलावं, एवढीच त्या माणसाची इच्छा होती. बाकी त्याने आयुष्याकडे काही मागितलं नव्हतं.

अशात गावाच्या कडेने मोठा रस्ता निघाला. चांगला रुंद, दोन्ही बाजूंना जाळी, गाड्या सुसाट जाणार. जनावरांना पलीकडे जाता यावं म्हणून रस्त्याखालून एक बोगदा ठेवायचा असं ठरलं. एकच. कुठे ठेवायचा? गावाच्या या टोकाला हलूनकांच्या परसामागे झुडपी माळ, त्या टोकाला ओढा. जनावरं जिथून जास्त जातात तिथे बोगदा. आणि ते शोधायचं काम आलं कुणाकडे? मुलीच्या संस्थेकडे, आणि संस्थेतून नेमकं मुलीकडे.

ती आली, वाचनालयाच्या खोलीत गावकऱ्यांना बोलावून सगळं समजावलं. हाताच्या पंजाएवढा हिरवट डबा. समोरून काही उबदार जनावर हललं की आपोआप फोटो. फोटो संस्थेच्या साइटवर चढवायचे, मग गावोगावचे हौशी लोक घरबसल्या एकेक फोटो बघून खूण करणार. कोल्हा, ससा, साळिंदर, माणूस किंवा 'रिकामं'. ज्या जागी जितकं जनावर, तितका नकाशावरचा ठिपका मोठा. "दोनच गोष्टी सांभाळा," मुलगी बोट नाचवून म्हणाली. "कॅमेऱ्याजवळ खायला काही म्हणजे काही टाकायचं नाही. आणि फोटो गाळायचे नाहीत. रिकामा, अर्धा, धूसर, जसा असेल तसा चढवायचा. जनावर आलं नाही, हेही आम्हाला कळायला हवं."

हलूनका पहिल्या ओळीत बसून मान डोलवत होते. त्यांचं लक्ष बोलण्याकडे नव्हतंच. पोरगी उभी राहून बोलते तेव्हा थेट आईसारखी दिसते, एवढंच ते बघत होते.

एक कॅमेरा त्यांच्या परसातल्या खांबावर आला. ओढ्याकाठचा कॅमेरा सिस्टरने घेतला. सिस्टर म्हणजे इस्पितळातून निवृत्त झालेली नर्स, फटकळ तोंडाची आणि एकटीच राहणारी. तिने अर्ध्या गावाला सुया टोचलेल्या, त्यामुळे तिच्यापुढे अजूनही लोक दंड चोळत उभे राहत.

आता गंमत बघा. जन्मभर ज्याने 'हलू नका' म्हणून आरडाओरडा केला, त्याच्या गळ्यात पडला हललं तरच फोटो काढणारा कॅमेरा! आणि फोटो तरी कसले? गवताचं पातं. शेजाऱ्याच्या मांजराची पाठ. एकात तर हलूनकांचीच नडगी. त्यांना अगदी लाज वाटली. असले फोटो मुलीच्या नजरेला पडायचे म्हणजे काय! तरी सांगितलं होतं म्हणून पहिल्या खेपेला सगळे चढवले, आणि साइटवर परक्या लोकांनी त्यांच्या फोटोंवर ओळीने 'रिकामं, रिकामं' असा शेरा मारलेला बघून त्यांचा अगदी तिळपापड झाला.

मग एकदा एका कोपऱ्यात अर्धं तोंड आणि पोट आलं. कोल्हीण. एका कानाला मोठी खाच. त्याच दिवशी मुलीचा फोन.

"बाबा! बघितलीत का? कान तुटकाय तिचा, म्हणजे पुन्हा आली की ओळखता येईल. पोटाला आचळं दिसतायत, पिल्लं असणार हो! कुठून आली असेल? तुम्हाला काही आवाज आला होता का?"

हलूनका उठून उभे राहिले. एवढं सलग ती त्यांच्याशी कधी बोलली होती? आणि शेवटी म्हणाली, "चेहरा पुरता मिळाला असता ना, तर काय बहार आली असती."

चेहरा! अहो, चेहरा मिळवून द्यायचा म्हणजे तर हलूनकांचा हातखंडा. त्या दुपारी ते स्टुडिओत गेले आणि जुन्या कॅमेऱ्याखाली लोंबणाऱ्या लाल खुळखुळ्याकडे बराच वेळ बघत राहिले.

त्यांनी पत्र्याचा एक डबा घेतला, त्यात अंडं फोडलं आणि खांबावर भिंगाच्या बरोबर खाली बांधला. फोटोच्या चौकटीत यायला नको अशा बेताने. चौकट कुठे संपते हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. दुसऱ्या दिवशी बघतात तर काय! कोल्हीण चार पावलांवर थबकलेली, एक पाय उचललेला, आणि डोळे थेट भिंगात. काय फोटो होता तो! तुटका कान, मिशीचा केस न् केस. पुढच्या फोटोंत ती डबा चाटत होती, नुसत्या नाकाचा फराटा. ते त्यांनी खोडले. आणि खोडता खोडता रिकामेही खोडले, गवतही खोडलं, मांजरही खोडलं. चांगला तेवढाच द्यायचा. हाताची सवय, दुसरं काय.

मुलगी फोनवर अक्षरशः किंचाळली. त्यानंतर फोन वाढले. आधी कोल्हिणीबद्दल, मग पिल्लांबद्दल, मग हळूहळू इकडचं तिकडचं. तिच्या खोलीतला गळका नळ, वरचा खडूस साहेब, आईच्या हातचं लोणचं तिला अजून कसं जमत नाही ते. कोल्हिणीचं नाव दोघांनी मिळून 'बाईसाहेब' ठेवलं. "आज बाईसाहेब आल्या होत्या का?" हलूनका अंडी आणायला जाताना शीळ घालू लागले. दुकानदार म्हणाला, "काका, या वयात तालीम सुरू केलीत की काय?"

आपण करतोय ते चुकीचं आहे, हे त्यांना कळत नव्हतं का? कळत होतं. खोटं कशाला बोला! सांगू, सांगू म्हणून ते रोज ठरवत आणि फोन वाजला की तिचा आवाज ऐकून गप्प बसत. एका अंड्याने असं काय आभाळ कोसळणार आहे, अशी मनाची समजूत घालत.

नकाशावर त्यांचा ठिपका फुगत चालला. ओढ्याचा मात्र होता तेवढाच. सिस्टर आपले निम्म्याहून जास्त रिकामे फोटो इमानाने चढवत होती, अधूनमधून एखादी शेपटी, एखादं ढुंगण. एकदा वाटेत भेटली तेव्हा कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "माझ्याकडे सगळी पाठमोरी पळतात. तुमच्याकडे बरी नटून फोटोला उभी राहतात हो!" हलूनका हसले आणि म्हणाले, "नशीब लागतं, सिस्टर." एवढं खोटं तर त्यांच्या स्टुलावरचं गिऱ्हाईकही कधी हसलं नसेल.

निकाल लागला. बोगदा हलूनकांच्या परसामागे. त्याच वाचनालयात कार्यक्रम झाला, भिंतीवर बाईसाहेबांचा हा मोठा फोटो. मुलगी माईक घेऊन म्हणाली, "हा फोटो माझ्या बाबांचा आहे." टाळ्या पडल्या. लोकांनी त्यांना ढकलून पुढे उभं केलं. हलूनकांच्या जिभेवर आलं होतं. शपथेवर सांगतो, आलं होतं. पण मुलीने चारचौघांत त्यांचा दंड घट्ट धरला होता आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते एवढंच म्हणाले, "सगळी पोरीची मेहनत." शेवटच्या रांगेत सिस्टर हाताची घडी घालून बसली होती. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत.

रस्ता झाला, बोगदा झाला. परसातला कॅमेरा काढून बोगद्याच्या तोंडाशी लावला. आता बोगदा पक्का आहे, जनावरं आपणहून जातील, म्हणून हलूनकांनी अंडी बंद केली. डबा घासूनपुसून स्वयंपाकघरात परत ठेवला आणि मनात म्हणाले, सुटलो एकदाचे.

बोगद्यातून एकही जनावर गेलं नाही. मुलगी म्हणायची, "नवीन आहे, बिचकत असतील." हलूनका 'हो' म्हणायचे.

मग एका सकाळी सिस्टर दारात. हातात फावडं, चपला चिखलाने भरलेल्या. "चला," म्हणाली. कुठे, कशाला, काही नाही. सुया टोचायची तेव्हाही ती अशीच बोलायची. हलूनका मुकाट्याने मागे गेले.

ओढ्यापाशी जाळी खालून उकरलेली होती. रस्त्याच्या कडेला कोल्हीण पडली होती. तुटका कान वरच्या बाजूला, जणू ओळख पटावी म्हणूनच. थोडं पुढे एक पिल्लू.

"या रस्त्यावरून रोज काहीतरी उचलतेय मी," सिस्टर म्हणाली. "साळिंदर झालं, ससे झाले. माझ्या आजोबांच्या वेळेपासून जनावरं या ओढ्यानेच जातात, हे मी निकालाआधी संस्थेच्या लोकांना ओरडून सांगितलं. पण माझ्याकडे पुरावा काय, तर शेपट्या! आणि तुमच्याकडे ही." तिने फावड्याने कोल्हिणीकडे दाखवलं. "हिचं बीळ इथेच आहे हो, त्या दगडांत. एवढं गाव ओलांडून तुमच्या परसात ही काय करायला जात होती, सांगाल का मला?"

सिस्टरने त्यांच्या चेहऱ्याकडे नीट निरखून बघितलं. मग तिने पुढे काही विचारलं नाही. खड्डा खणायला लागली. त्यांनी फावडं मागितलं, तर दिलं नाही.

घरी येऊन ते स्टुलावर बसले आणि मुलीला फोन लावला. स्वतःहून फोन लावायची त्यांची ही पहिलीच वेळ.

"बाईसाहेब गेल्या. ओढ्यापाशी, रस्त्यावर."

"ओढ्यापाशी? ती तर तुमच्याकडची ना, बाबा?"

"माझ्याकडची नव्हतीच ती. मी अंडं ठेवून बोलवत होतो. भिंगाखाली. आणि रिकामे फोटो खोडत होतो." ते घाईघाईने बोलत होते, मध्ये थांबलो तर पुन्हा जमणार नाही म्हणून. "आता तू काय शिव्या द्यायच्या त्या दे."

ती ओरडेल, फोन आपटेल, पुन्हा तोंड बघणार नाही म्हणेल, याची त्यांनी तयारी केली होती. खरं सांगायचं तर त्यांना तेच हवं होतं. पण तिचा आवाज चढला नाही.

"मला दिसत होतं, बाबा," ती म्हणाली. "दर वेळी तीच जागा, तीच मान, तेच बघणं. रानातलं जनावर असं उभं राहत नाही. लहानपणी तो खुळखुळा तुम्ही माझ्यासाठीही वाजवलाय. मला दिसत होतं आणि मी विचारलं नाही."

"का गं?"

"फोटो फार छान होते."

पोरीने आपल्या फोटोला एकदा छान म्हणावं, हेही या माणसाच्या मनात कुठेतरी होतंच. म्हटलं तिने. केव्हा, तर आत्ता!

"मग आता सांगून टाकू सगळ्यांना," हलूनका म्हणाले. "माझ्या तोंडाला काळं फासू देत. ओढ्यापाशी दुसरा बोगदा करतील."

"कुणी करणार नाही. उलट, यापुढे कुठल्याच गावातल्या लोकांच्या फोटोंवर कुणी विश्वास ठेवणार नाही. माझं तर जाईलच सगळं. नका सांगू, बाबा. माझ्यासाठी."

त्यांनी सांगितलं नाही. लेकीसाठी म्हटल्यावर बाप काय करणार? पुढच्या आठवड्यात तिचा पुन्हा फोन आला. आवाज कामाचा, नीट तोलून मापून.

"मी विचार करत होते. अंडी बोगद्यात ठेवता येतील का? आतपर्यंत. एकदा जनावरांना वाट कळली की बंद करू. बोगदा वाया तरी जाणार नाही."

"अगं, तूच बोट नाचवून म्हणाली होतीस ना, की..."

"काय म्हणाले होते ते मला पाठ आहे. ठेवाल का? आणि तुमचे स्वतःचे फोटो चढवायच्या आधी काढून टाका. तुम्हाला येतं ते."

तेव्हापासून हलूनका पत्र्याचा डबा घेऊन बोगद्यात जातात. सिमेंटच्या त्या नळीत वाकून चालावं लागतं, डोक्यावरून गाड्या धडधडत जातात. अंडं तसंच वाळून जातं, मुंग्या लागतात, ते डबा धुऊन नवीन ठेवतात. ओढ्यापाशी सिस्टर अजून फावडं घेऊन फिरते. रस्त्यात दिसली की हलूनका गल्ली बदलतात. घरी येऊन स्टुलावर बसतात आणि कॅमेऱ्याच्या कार्डावरचे फोटो बघतात. जन्मभर जे कधी कॅमेऱ्यासमोर आले नाहीत, ते त्या फोटोंत ओळीने आहेत. वाकलेली पाठ, हातात डबा, भिंगाकडे वळलेलं तोंड. दुसरं कुणीही नाही. ते आपलं तोंड एकेक करून खोडतात आणि उरलेले रिकामे फोटो चढवतात.

मुलीचा फोन मात्र आता चुकत नाही.

"टाकलंत का?"

"टाकलं."

"आलं काही?"

"नाही आलं."

"टाकत राहा. ठेवते मग."

जेवलात का, हे ती आता विचारत नाही.